स्वयंपाकघराच्या दारातला पाट

सन्माननीय अध्यक्ष जनकोजीराव, व्यासपीठावर बसलेले नंदिताच्या कंपनीचे मालक नारायणस्वामी साहेब, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती नंदिता, आणि एवढ्या उकाड्यात वेळ काढून आलेल्या चेन्नईकर मराठी बंधुभगिनींनो,

नंदिताचं कौतुक मी काय करणार? बँकेत छत्तीस वर्षं काढली, यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. गिंडीच्या कारखान्यातली ही तंजावरकर मुलगी वर्षापूर्वी आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये आली, भिंतींवर काड्यापेटीएवढे बिनतारी सेन्सर चिकटवले आणि एक बुटका रोबो सोडून गेली. "काका, सेन्सरला नुसती शंका येते. रोबो जाऊन बघतो, मगच शेजारच्या मुरलींना फोन लावतो," असं तिने समजावलं. मुलं परदेशी असलेल्या आमच्यासारख्यांना आणखी काय हवं?

पण हा पठ्ठ्या फरशीही पुसायचा. स्वयंपाकघरात देवापुढे माझ्या बायकोने, कुमुदिनीने, काढलेली रांगोळी रोज साफ. बोलणी मात्र मला बसायची. एका सकाळी बाहेर पडताना, ती ओट्याशी पाठमोरी असताना, मी स्वयंपाकघराच्या दारात पाट आडवा लावला. म्हटलं, आता ये बघू आत.

मी गेलो आणि थोड्याच वेळात कुमुदिनी तिथेच ओट्यापाशी पडली. हालचाल थांबल्याचं सेन्सरने ओळखलं, रोबो निघाला आणि पाटाशी अडला. खुब्याचं हाड मोडलेली माझी बायको तीन तास फरशीवर होती. मी परतलो तेव्हा ती ग्लानीत होती; मुरलींना हाक मारली, आणि ते येईपर्यंत पाट कपाटामागे दडवला. तेवढं बरोबर सुचलं मला.

रोबो आत का गेला नाही, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोण जाणे. नंदिताने अहवालात स्वतःची चूक लिहिली. ते काम तिच्या हातून गेलं, म्हणून आज ती कोइमतूरला निघाली आहे. गेल्या आठवड्यात सेन्सर काढायला आली तेव्हा म्हणाली, "काका, रोबोच्या फोटोत पाट मला पहिल्याच दिवशी दिसला होता. काकूंना ते तुमच्या तोंडून कळावं, म्हणून लिहिलं नाही." त्यानंतर आठ दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही.

कुमुदिनी, तू समोरच बसली आहेस. घरात धीर झाला नाही, म्हणून चारचौघांत सांगतो. पाट मी लावला होता.

नारायणस्वामी साहेबांना मराठी येत नाही. हेच इंग्रजीत लिहून, खाली सही करून आणलं आहे. ते त्यांच्या हाती देतो.

मंडळाचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. पाटाचं मात्र पोटात घालू नका. ते नंदिताच्या नावावरून काढून माझ्या नावावर लिहा.