एकट्याचा फोटो

(दालीच्या तळ्याकाठचं फोटोचं दुकान. दुपार. लाल पडदा, त्याच्यापुढे दोघांपुरतं लाकडी बाक. बाकावर आलान, कॅमेऱ्यामागे तिचा नवरा दुआन, तिच्या तोंडी ‘लाओ दुआन’.)

दुआन — मध्ये सरक.

आलान — मध्येच बसलेय.

दुआन — कुठे मध्ये? अर्धं बाक रिकामं आहे. तुझ्या उजव्या हाताला अख्खा माणूस मावेल.

आलान — सवय.

दुआन — हं. लग्नाच्या दाखल्याचा फोटो काढायला जोडपी यायची, त्याआधी उजेड बघायला तुलाच बसवायचो ना नवरीच्या जागी.

आलान — आणि नवऱ्याच्या जागी कॅमेऱ्याचं रिकामं खोकं.

दुआन — खोकं काय, मीही बसलोय कधीकधी.

आलान — खोकं जास्त वेळ बसायचं.

दुआन — बरं. आता मान.

आलान — मानेला काय झालं?

दुआन — कललीय. उजवीकडे. ‘जरा आत या, जरा जवळ, डोक्याला डोकं लावा’, मीच ओरडत आलोय इतकी वर्षं. सरळ कर. घटस्फोटाच्या दाखल्याला मान सरळ लागते.

आलान — असं कोण म्हणालं?

दुआन — कुणी नाही. कचेरीत खिडकीवरच्या बाई एवढंच म्हणाल्या, फोटो एकट्याचा हवा आणि अलीकडचा हवा. पडद्याचा रंग कुठलाही चालेल.

आलान — मग लालच का ठेवलास? हा लग्नाचा.

दुआन — पांढरा वर गुंडाळलेला आहे. तो सोडायला शिडी लागते, आणि शिडी पुढे काचेपाशी लावलीय.

आलान — कशाला?

दुआन — असंच. हनुवटी बघू. डोळे उघडे ठेव.

आलान — उघडेच आहेत.

दुआन — उघडे आहेत गं, पण बघत नाहीयेत कुठे. काय गंमत आहे बघ. साऱ्या गावाचे फोटो काढले, बाळांचे, म्हाताऱ्यांचे, नवरानवरीचे, आणि आपला एकेकट्याचा एक फोटो घरात नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आलान — काढ लवकर. रश्शातल्या शेवया फुगतायत.

दुआन — उद्या सकाळीच जायचं ना?

आलान — कचेरीचं दार उघडलं की. महिनाभर विचार करून या म्हणाले होते. महिना झाला.

दुआन — केलास विचार?

आलान — नाही. थांबले नुसती.

दुआन — तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. चार भांडी आपटली असतीस, माझ्या सात पिढ्या काढल्या असत्यास, तर मला काही बोलता तरी आलं असतं.

आलान — चिडायला काहीतरी वाटावं लागतं, लाओ दुआन. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना? मग गाल असतो, पण आपला नसतो. हात लावून बघावं लागतं आहे की नाही ते. तसं झालंय माझं. तुझ्यावर राग नाही. कुणावरच नाही.

मुलगी — दादा, ताई, उघडं आहे ना दुकान? मी खुनमिंगहून आलेय. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. अय्या, तुमचाच फोटो चाललाय? लाल पडदा, पांढरा सदरा. पुन्हा लग्न करताय की काय?

दुआन — दाखल्याचा आहे. बोला.

मुलगी — कालपर्यंत पुढे काचेत एक मोठा फोटो होता बघा. लाल पोशाखातली नवरी, तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी, मागे धुकं. आम्ही काल संध्याकाळी तिथे इतका वेळ उभे होतो की नवरा म्हणाला, चल आता, तिला तरी बाहेर येऊ दे पाण्यातून. मला तसाच हवाय. बाकी सगळे साधे काढा, घरच्यांबरोबरचे, दाखल्याचा. पण एक तसा.

दुआन — तो उतरवला. जुना झाला. दुसऱ्या थीम आहेत की. मोहरीच्या शेतातली आहे, भाताच्या गंजीवरची आहे, पांढऱ्या घोड्याची आहे.

मुलगी — घोडा सगळ्यांकडे असतो, दादा. आमच्या वहिनीचाही घोड्यावरच आहे, आणि त्यात घोडाच बरा आलाय. मला तो चेहरा हवा. कोण होती ती? नाटकातली वगैरे?

आलान — नाही. ठरलेली मुलगी ताप आला म्हणून आली नाही. मग होती तिला उभी केली.

मुलगी — पण काय डोळे होते. आत्ता या क्षणी माहेर तुटलं असं वाटतं बघून. तुम्ही काय सांगितलं होतं तिला, दादा?

दुआन — काही नाही.

आलान — हनुवटी खाली घ्यायची, डावा गाल उजेडाकडे करायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. तुलाही तेच सांगतील. जमेल तुला. परवा पहाटे ये.

दुआन — परवा तू नसशील.

आलान — नवी मेकअपवाली असेल. तिला दाखवून ठेवलंय. डोळ्यांखाली थोडा लाल, नाकाच्या शेंड्याला थोडा. नुकतंच रडून उठल्यासारखं दिसतं.

मुलगी — म्हणजे ते खरं नव्हतं? रंगच होता?

आलान — थोडा रंग होता.

मुलगी — तेवढा मलाही लावा. येते मी परवा. तुमचा फोटो छान येऊ दे हं, ताई. जरा हसा पण.

दुआन — गेली. तुझ्याशी एवढं बोलली, आणि तुला ओळखलं नाही तिने.

आलान — कुणीच ओळखत नाही. तर शिडी त्यासाठी होती.

दुआन — हो.

आलान — कधी उतरवलास?

दुआन — सकाळी तू बाजारात गेलीस तेव्हा. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. त्याला मिळालेल्या बक्षिसाची पाटीही काढली. म्हटलं, एवढं केलं तर कदाचित.

आलान — कदाचित काय?

दुआन — कदाचित उद्या जायला नको. आता सरळच सांगतो. तू जाऊ नयेस असं वाटतं मला.

आलान — तुला वाटतं मी त्या फोटोमुळे चाललेय.

दुआन — दुसरं काय असणार? मी काठावरून लांबच्या लेन्समधून बघत होतो. शेजारच्या होडीत तुझा फोन होता. तू तो उचललास, कानाला लावलास, परत ठेवलास. तुझा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. तुझे बाबा गेले हे मला त्याच वेळी कळलं. आणि मी बटण दाबलं. दोन हिवाळे झाले. तू विचारशील म्हणून वाट बघतोय.

आलान — विचारायचं काय त्यात? माहीतच होतं. तू समोर होतास, कॅमेरा हातात होता. दाबणारच.

दुआन — तुझा भाऊ आदल्या दिवसापासून बोलावत होता. बाबा विचारतायत, ये म्हणून. मीच म्हणालो, हे धुकं पुन्हा मिळायचं नाही, एवढी पहाट होऊ दे.

आलान — मीही म्हणाले होऊ दे. माहेर जिआनच्वानला, काही समुद्रापलीकडे नाही. गाडीत बसलं की जेवायच्या आत घरी. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

दुआन — मग माझं चुकलं काय ते तरी सांग. खरंच फोटोमुळे नाही?

आलान — ऐकायचंय?

दुआन — ऐकायचंय.

आलान — फोनवर दादा म्हणाला, बाबा गेले. मी फोन होडीत ठेवला. मग हनुवटी खाली घेतली. डावा गाल वळवला. ऊन डावीकडून यायला लागलं होतं.

दुआन — तू भानावर नव्हतीस, आलान.

आलान — होते. पाणी किती गार होतं तेही आठवतं. बाबा गेल्याचं मला उमगायच्या आधी माझ्या गालाला उजेड कळला. तू काही सांगितलं नव्हतंस. तू नुसतं दाबलंस. उभी मी राहिले, चांगली दिसेन अशी.

दुआन — कुणाचंही झालं असतं असं.

आलान — नंतर डोंगरावर, त्यांना मातीत ठेवताना, सगळे रडत होते. वहिनीला दोघी धरून होत्या. आणि मी दादाच्या तोंडावर ऊन कुठून पडतंय ते बघत होते. अजून तेच. रडायचं म्हणून बसते, तर आधी खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघते. मग रडू येतच नाही. बाबांसाठी मी एकदाही रडले नाही, लाओ दुआन. बाहेर काचेत कालपर्यंत माझंच रडतं तोंड टांगलेलं होतं, आणि मी एकदाही रडले नाही.

दुआन — हे मला सांगायचं होतंस.

आलान — सांगून काय? तू त्याचीही थीम केली असतीस.

दुआन — हे लागलं मला.

आलान — लागू दे. एकाला तरी लागतंय.

दुआन — आपण आधी असे नव्हतो. आठवतं, तू म्हणायचीस, लग्नं आणि दाखले पोटासाठी, थीम जिवासाठी?

आलान — ते तू म्हणायचास. मी पोशाखांना इस्त्री करायचे.

दुआन — मी सोडतो हे सगळं. दुकान देऊन टाकू कुणाला तरी. शेवयांची टपरी काढू.

आलान — तुला चहा धड करता येत नाही.

दुआन — शिकेन. जित्याची खोड म्हणशील, पण शिकेन.

आलान — तू कॅमेरा तळ्यात फेकलास तरी काय होणार आहे? तू समोर आलास की मी हनुवटी खाली घेते. आत्ता बघ. घेतलीय ना?

दुआन — घेतलीय.

आलान — तू सांगितलं होतंस?

दुआन — नाही.

आलान — मग दाब.

दुआन — दाबलं. झाला तुझा.

आलान — ऊठ तिकडून. आता तू बस.

दुआन — दादाकडे राहून करणार काय तू?

आलान — त्याच्या कारखान्यात कोरीव दारं होतात, त्यांना रोगण द्यायचं. एक हात, मग वाळू द्यायचं, मग दुसरा हात. दारं कुणाकडे बघत नाहीत. मध्ये सरक.

दुआन — मध्येच आहे.

आलान — बाक बघ आपलं.

दुआन — हं. नवऱ्याच्या जागी बसलोय. तुझी जागा सोडून.

आलान — सरक. कुठलं बटण दाबायचं?

दुआन — इतकी वर्षं दुकानात आहेस आणि बटण माहीत नाही?

आलान — हात लावू दिला होतास कधी?

दुआन — वरचं. अर्धं दाब, थांब, मग पुरतं दाब.

आलान — श्वास सोड. तू गिऱ्हाइकांना सांगतोस तसा. खांदे खाली.

दुआन — आलान, थांब जरा.

आलान — काय झालं?

दुआन — काही नाही. डोळे पुसतो. आत्ता काढू नको.

आलान — काढला.

दुआन — थांब म्हणालो ना मी.

आलान — ऐकलं. पण उजेड चांगला होता. मघाशी मी सांगत होते ते हेच बघ. बोट थांबत नाही.

दुआन — दुसरा काढ मग.

आलान — नको. डोळे ओले असलेले चालतात दाखल्याला. उघडे आहेत ना, बास. छाप.

दुआन — छापतोय. निघेल आता.

आलान — एकाच कागदावर दोघांचे?

दुआन — वेगळे छापले तर अर्धा कागद वाया जातो.

आलान — हे काय? मी तर सरळ बसले होते.

दुआन — मीही सरळच होतो.

आलान — माझी मान तुझ्याकडे कललीय. तुझी माझ्याकडे.

दुआन — शेजारी छापले म्हणून तसं दिसतंय. कापल्यावर कळायचं नाही. खिडकीवरच्या बाईंना वाटेल, वाकडं बसायची खोड आहे एकेकाला.

आलान — वाटू दे.

दुआन — ऊन आहे अजून. पुन्हा काढायचे का?

आलान — नको. आणि तो मोठा फोटो परत लाव पुढे. परवा ती पोरगी येईल, तिच्यासमोर असू दे. शिडी मी धरते. आधी एवढं कापून घेऊ. कात्री कुठे ठेवलीस?

दुआन — तुझ्या हातात आहे.