कुर्त्याला मज्जाव

अलीगंजमधल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी क्रूझवरून नुकतंच परतलेलं मराठी जोडपं बसलं होतं.

"चिकनकारीचा नवा कुर्ता होता, हेमा! आणि जेवणाच्या हॉलच्या दारातून मला परत पाठवलं. म्हणे, कोट-टाय घालून या!"

"नियमच होता तो. तिकिटावर लिहिला होता."

"नियम गेला खड्ड्यात! कपड्यांवरून माणूस ठरवणार? सगळ्यांसमोर अपमान केला यार!"

"गेल्या दिवाळीत सुरुची जीन्स घालून पूजेला बसली, तेव्हा तुम्हीही तिला सगळ्यांसमोर उठवलंत."

"सून आहे ती आपली. घरची गोष्ट वेगळी."

"या दिवाळीला ती येत नाहीये. सकाळी फोन करून सांगितलं तिने."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही क्रूझवाल्यांना तक्रार लिहीत होतात."

"अच्छा... लाव तिला फोन."

"लावते. पण बोलायचं तुम्ही."