पायरीवरचा नारळ

नवा महाराष्ट्र झाला तेव्हाची गोष्ट सांगतो. आमचे बाबा मोताळ्याच्या चर्चमध्ये पाळक होते. एका रविवारी सगळे डोळे मिटून प्रार्थनेत, अन् दारात फाडकन आवाज झाला! पहिल्यांदाच आलेल्या एका भाजीवालीनं देवाचं दार म्हणून पायरीवर नारळ फोडला होता.

मंडळीतले जुने शांतवनकाका उसळले, "बाई, इथं नारळ नाही फोडत!"

ती कावरीबावरी होऊन तुकडे वेचू लागली. बाबाही शेजारी बसून वेचू लागले. "राहू द्या, काका. देवाच्या घरी रिकाम्या हातानं नाही आली बाई."

उपासनेनंतर सगळ्यांनी खोबरं खाल्लं. एकट्या काकांनी घेतलं नाही.

पुढच्या रविवारी बघतो तर काका घामाघूम होऊन पायरीशेजारी एक धोंडा बसवून राह्यले.

"हा कशाले, काका?" मी विचारलं.

"पायरी फुटते नं," काका गुरगुरले. "बाई आज येईन."