अश्विनीच्या पासवर्डातले ठिपके

"...कुणीतरी दुसरंच अश्विनीच्या कॉम्प्युटरची बटणं दाबायलंय म्हणं, आता तिची नोकरी..." एवढंच नळावर कानावर आलं, अन् मला बघून बायका गप्प झाल्या. आता सांगा, शेजारी राहून मी घरात कशी बसू?

गेले. अश्विनी म्हणजे सरूबाईंची सून, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. कंपनीला खंडेनवमीची सुट्टी नव्हती, अन् पोरगी रडकुंडीला आलेली.

"मावशी, बघा की! लॅपटॉपचं लिनक्स सुरू होतंय, पण पासवर्डच्या जागी आपोआप ठिपक्यावर ठिपके पडायलेत. बंद करून चालू केलं तरी तेच. आज कामावर दिसले न्हाय, तर पुण्यालाच राहायला ये म्हणतील."

सरूबाईंचं तोंड उतरलं. "आधी देवाच्या पाया पड," म्हणत त्यांनी आम्हाला शेजारच्या देवघरात नेलं. विळी, कोयता, कात्री पुजून ठेवलेली. बाजूला अश्विनीचा बिनवायरचा कीबोर्ड, अन् त्याच्यावर भला मोठा नारळ.

"हे काय?" मी विचारलं.

"सुनंचं हत्यार हाय ते. लॅपटॉप देईना, मग सकाळी हेच मागून घेतलं."

अश्विनीनं कपाळावर हात मारला. "आत्या, ह्याचा सिग्नल पकडणारी पिन लॅपटॉपलाच हाय की अजून!"

मी नारळ उचलून धरला. ती बाहेर पळाली अन् तिथून ओरडली, "ठिपके थांबले! मावशी, थांबले!"

सरूबाईंनी देवाला अन् मला, दोघांनाही हात जोडले.

परत नळावर जाऊन मी बायकांना सांगितलं, "दुसरंच बटणं दाबत होतं, हे खरं हाय. पण माणूस न्हाय, नारळ!"