नोलाच्या डोहाला जावई

लॅमिंग्टन केक संपले होते. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मेरी नदीचा पूर ओसरला होता. नदीतल्या दुर्मिळ कासवांची आपसातली नाती तपासायला नेलेल्या रक्ताचे निकाल प्रयोगशाळेतून आले होते. बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे नोला आणि ग्लेनिस उभ्या होत्या; दोघी आपापल्या काठावरची कासवांची घरटी राखतात.

“अभिनंदन, ग्लेनिस. पैदाशीसाठी संशोधक तुझ्याच काठाची अंडी नेणार म्हणे.”

“तुझी सगळी कासवं एकाच घरातली निघाली, नोला. त्यात माझा काय दोष?”

“घरटी माझ्याकडे जास्त आहेत! कोल्ह्यांपासून जाळ्या लावून जपलीत मी.”

“जपलीस गं. पण भावंडांचीच लग्नं लागत राहिली, तर पिल्लं धड कशी निपजतील? यंदा तुझी अर्धी अंडी नासली.”

“मोजायला आली होतीस?”

“ऐक. माझ्याकडचे थोडे नर तुझ्या डोहात सोडू म्हणतात. तुझी वस्ती टिकेल. तू फक्त हो म्हण.”

“तुझ्याकडचे जावई? म्हणजे पुढची पिल्लं सगळी तुझ्या वळणावर!”

“दिसायला सारखीच असतात, बाई.”

“मला ओळखू येतील.”

“मग? नाही म्हणून सांगू?”

“सोडायला सांग. पण पेपरात फोटो माझ्या काठाचा छापायचा.”

ग्लेनिस इस्पितळात होती त्या वर्षी, तिच्या काठावरच्या घरट्यांना जाळ्या नोलाने लावल्या होत्या.