पदरावरचे डाग

आखातातल्या अल मन्सूरा भागातल्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या मायलेकींचं मराठी कानावर पडलं, आणि वत्सलाबाई आपली गुडघेदुखी विसरून ऐकत राहिल्या.

“आई, हीच साडी नेसायची होती? ब्लूबेरीचे डाग तसेच आहेत.”

“जात नाहीत गं. जूनमधल्या जॉर्जियाच्या सहलीची आठवण.”

“मळ्यात तोडायला बादली दिली होती ना त्यांनी?”

“करवंदं आम्ही पदरातच गोळा करायचो. हात आपसूक पदराकडे गेला.”

“सगळे बघत होते, आई.”

“म्हणून त्या मळेवाल्या म्हातारीनं विचारल्यावर, ही आमच्यासोबत नाही म्हणालीस?”

“तुला... तुला कुठं इंग्रजी कळतं?”

“मान हलवलेली कळते, चैतू. तिला वाटलं, मी वाट चुकलेय. हाताला धरून सावलीत बसवलं. तिच्या सुनेनं पाणी दिलं.”

“खलास ना, आई, पुरे आता. इथं नको.”

“मी कुठं काय म्हणतेय?”

आतून नर्स आली. “अम्मा के साथ कौन आया है?”

“मैं! बेटी हूँ इनकी. बेटी!”

“हळू बोल गं. सगळे बघतायत.”