शर्यतीच्या फोटोतल्या चुका

फोटोतलं मला काय कळतं? पण त्या दिवशी मी एका दमात तीन चुका काढल्या, कारण चौथी माझी होती.

पुसेगावच्या माळावर घोड्यांची शर्यत बघायला गेलो, तेव्हा आमचं लेकरू सहा महिन्यांचं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला नेऊच नका म्हणत होत्या. घरी आल्यावर मी त्यांना ऐटीत सांगितलं, "घोडे गर्दीकडं वळले, तशी मी ह्याला छातीशी धरून पळाले." सोबत आलेली नणंद वत्सला तेव्हा तोंड फिरवून हसली.

आठ दिवसांनी ह्यांनी हिंगोलीहून फोटो धुऊन आणला. मित्राच्या रुंद भिंगाच्या कॅमेऱ्यात सगळा माळ मावला होता. मधे चौखूर सुटलेले घोडे, आणि डाव्या कोपऱ्यात पळणारी मी. छातीशी घट्ट धरलेली दुपट्यांची पिशवी! लेकरू मागं वत्सलाच्या कडेवर खिदळत होतं.

ह्यांची नजर घोड्यांवरून हलेना. "फ्रेम करून भिंतीवर लावतो."

"छे! जमीन तिरकी आलीय. पुढच्या घोड्याचं डोकं रांजणाएवढं दिसतंय. मागचे तर धुळीतच गेले. डावीकडून चार बोटं कापा, मग बराबर होईल."

"काहून कापता? बघू," म्हणत आत्याबाईंनी चष्मा लावला आणि बराच वेळ फोटो न्याहाळला.

"घोडे बेस आले रे. काही कापू नको." मग माझ्याकडं वळून त्यांनी काळजीनं विचारलं, "पोरी, पिशवीला कुठं लागलं तर न्हाई ना?"